दार उघडता येणं आणि दार उघडायचा हक्क असणं : ट्रॉम्बे ते पुणे, हॅकिंगच्या नीतीची आपली गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

 

आमच्याकडे एक प्रश्न फिरून फिरून येतो. "भाऊ, एथिकल हॅकिंगचा कोर्स करू का? स्कोप आहे का?" साहजिक आहे. आपल्या शेगावात १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे. इथली, खामगावची, अकोल्याची पोरं-पोरी कॉम्प्युटर शिकतात आणि पुण्याची गाडी पकडतात. स्कोपचं उत्तर एका शब्दात देतो : आहे. पण त्या नावात दोन शब्द आहेत राजेहो, आणि पहिल्या शब्दाबद्दल कोणी विचारतच नाही. हे 'एथिकल' म्हणजे नेमकं काय? कोणी ठरवलं? आणि चुकलं तर काय होतं?

याचं उत्तर शोधायला अमेरिकेत जायची गरज नाही. आपल्या महाराष्ट्रातच, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत, हा प्रश्न एकेक पायरीने आपल्यासमोर आलाय. आज त्यातल्या चार-पाच पायऱ्या बघू.

ट्रॉम्बे, जून १९९८

११ आणि १३ मे १९९८. पोखरणला भारताने पाच अणुचाचण्या केल्या. देशात पेढे वाटले गेले, जगात निर्बंधांची भाषा सुरू झाली. या चाचण्यांमागचं एक मोठं नाव म्हणजे मुंबईत ट्रॉम्बेला असलेलं भाभा अणुसंशोधन केंद्र, आपण ज्याला बीएआरसी म्हणतो ते.

चाचण्यांना महिना व्हायच्या आत बीएआरसीच्या वेबसाइटवर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र झळकलं. ते कोणी लावलं? 'मिलवर्म' नावाच्या एका टोळीने. आणि टोळी म्हणजे कोण, तर अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स, न्यूझीलंड अशा देशांतली पोरं. वय साधारण १५ ते १८. म्हणजे आपल्याकडे दहावी-बारावीला असतात ती. त्यांनी दावा केला की आम्ही केंद्रातल्या शास्त्रज्ञांचे ईमेल आणि कागदपत्रं उतरवून घेतली, सगळं मिळून पाच एमबीच्या आसपास, आणि दोन सर्व्हरवरचा डेटा पुसून टाकला. कारण विचारलं तर म्हणाले, आमचा अण्वस्त्रांना विरोध आहे.

आज पाच एमबी म्हणजे तुमच्या फोनमधला एक फोटो. पण त्या काळाचा विचार करा. सामान्य माणसासाठी भारतात इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत. म्हणजे इंटरनेट तीन वर्षांचंही झालं नव्हतं आणि देशाच्या सगळ्यात प्रतिष्ठित प्रयोगशाळेच्या ईमेलमध्ये परदेशातली शाळकरी पोरं शिरली होती.

केंद्राची बाजू अशी होती की ईमेल चालवणाऱ्या सेंडमेल नावाच्या प्रोग्रॅममधल्या एका नेहमीच्या पळवाटेतून ती आत आली, आणि गुप्त माहिती त्या संगणकांवर नव्हतीच. ते बरोबर धरू. तरी एक गोष्ट उरतेच. कडी सैल होती.

आता नीतीकडे वळू. या पोरांचं चुकलं का? अण्वस्त्रांना विरोध करणं हा गुन्हा नाही. आपल्या देशातही तेव्हा अनेक जण विरोधात बोलत होते, लिहीत होते, मोर्चे काढत होते. वेबसाइटवर चित्र लावणं हे भिंतीवर घोषणा रंगवण्यासारखं आहे, असंही कोणी म्हणेल. पण दुसऱ्याचे ईमेल वाचणं? सर्व्हर पुसणं? ते मोर्चात बसत नाही. शास्त्रज्ञाने सहकाऱ्याला लिहिलेलं पत्र आणि देशाचं अणुधोरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि ज्या यंत्रणेत नेमकं काय काय चालतं हे तुम्हाला माहीतच नाही, तिथला डेटा पुसताना त्याचा परिणाम कुठे होईल हे तुम्ही कशावरून सांगणार? हेतू चांगला असला की हात आपोआप स्वच्छ होत नाहीत. १९९८ चा पहिला धडा हाच.

दुसरा धडा सरकारला मिळाला. असं काही एखाद्या भारतीय पोराने भारतातच बसून केलं असतं, तर त्याच्यावर नेमकं कोणतं कलम लावायचं? त्यासाठी खास कायदाच नव्हता.

'हॅकिंग' हा शब्द कायद्यात आला आणि गेला

आधी शब्दाकडे बघू. 'हॅक' या शब्दाला आजचा अर्थ मिळाला तो अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, १९५० च्या दशकाच्या शेवटी. तिथे खेळण्यातल्या रेल्वेचा एक विद्यार्थी क्लब होता. रुळांखालच्या वायरींत डोकं घालून कोणी एखादी भन्नाट युक्ती काढली की तिला 'हॅक' म्हणायचे. म्हणजे मुळात ही शिवी नव्हतीच, शाबासकी होती. आपल्या 'जुगाड'च्या जवळची. कोणी इंजिनाला पाट्या ठोकून गाडी बनवली की आपण म्हणतो ना, "भारी डोकं लावलं बावा!" तसंच.

पण भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा आला, १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला, आणि त्याच्या ६६ व्या कलमात हॅकिंग हा शब्द गुन्हा म्हणूनच आला. संगणकातली माहिती नष्ट करणं, बदलणं, तिची किंमत किंवा उपयोग कमी करणं, तेही दुसऱ्याचं नुकसान व्हावं म्हणून किंवा होईल हे माहीत असून. हे झालं हॅकिंग. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

याच कायद्यात आणखी एक कलम होतं आणि आहे, ४३ वं. ते म्हणतं की मालकाच्या किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय तुम्ही त्यात शिरलात, माहिती उतरवून घेतलीत, व्हायरस घातलात, तर नुकसानभरपाई द्यावी लागेल. इथे 'परवानगी' हा शब्द पक्का धरून ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

मग २००८ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ही दुरुस्ती लागू झाली. गंमत अशी की तिने ६६ व्या कलमातून 'हॅकिंग' हा शब्दच काढून टाकला. आता ते कलम सांगतं की ४३ मधली कोणतीही कृती अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली, तर तो फौजदारी गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

फरक लक्षात येतोय का? आधी कायदा बघायचा की संगणकाचं काय झालं. आता तो विचारतो की माणसाच्या मनात काय होतं. पण मनात कपट नसलं म्हणजे पूर्ण सुटलात असंही नाही. परवानगीशिवाय आत गेलात, तर ४३ खाली भरपाईचा धोका राहतोच. "मी तर फक्त बघत होतो" हे वाक्य कायद्यासमोर फार लांब चालत नाही.

पुणे, २००५ : ज्यांना परवानगी होती

आता उलटी बाजू. ज्याला परवानगीच आहे, त्याचं काय?

२००५ चा एप्रिल. पुण्यात एमफॅसिस या कंपनीचं कॉल सेंटर होतं आणि तिथून अमेरिकेतल्या सिटीबँकेच्या ग्राहकांचं काम चालायचं. तिथल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकन ग्राहकांशी फोनवर बोलताना गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले आणि साथीदारांच्या मदतीने त्यांच्या खात्यांतून लाखो डॉलर पुण्यातल्या खोट्या नावांच्या खात्यांत वळवले. बँकेला संशय आला, पोलिसांनी सापळा लावला आणि मंडळी पकडली गेली.

यात एकही पासवर्ड फोडला नव्हता. कसला व्हायरस नव्हता, कोड नव्हता. त्या काळच्या बातम्यांत आलं होतं की कर्मचाऱ्यांची आत-बाहेर जाताना तपासणी व्हायची, आकडे लिहून नेता येणार नाहीत अशी व्यवस्था होती. मग? आकडे डोक्यात ठेवून बाहेर नेले. स्मरणशक्तीला कोणतं कुलूप लावणार?

या प्रकरणाने भारतातल्या बीपीओ धंद्याला धडकी भरली. कारण तो धंदा एका गोष्टीवर उभा होता : सात समुद्रांपलीकडचा माणूस आपल्याला न बघता आपल्यावर विश्वास ठेवतो. चार-सहा जणांनी तो मोडला आणि प्रश्न हजारो प्रामाणिक पोरापोरींच्या पगाराचा झाला. म्हणून २००८ च्या दुरुस्तीतलं आणखी एक कलम माहीत असू द्या, ७२-अ. काम करताना करारामुळे हाती आलेली कोणाची वैयक्तिक माहिती, नुकसान किंवा फायद्यासाठी, त्याच्या संमतीशिवाय उघड केली तर २०२३ पर्यंत त्याला शिक्षा होती तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

२००५ सांगतं की आत जायची परवानगी म्हणजे आतलं घ्यायची परवानगी नव्हे. तुम्हाला घराची चावी झाडलोट करायला दिलीय. कपाट उघडायला नाही.

मुंबई, २०१० : ज्याने सांगितलं, तोच कोठडीत

आता सगळ्यात अवघड प्रकरण. इथे मी तुम्हाला तयार उत्तर देणार नाही.

हैदराबादचे हरी प्रसाद, एका तंत्रज्ञान कंपनीचे प्रमुख. मतदान यंत्रांच्या सुरक्षेबद्दल ते शंका घेत होते. २००९ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांना यंत्र दाखवायला बोलावलं, पण ते उघडून तपासण्यावरून गाडी अडली. मग २०१० मध्ये त्यांनी मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक जे. अॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गाँगग्रिप यांच्यासोबत एका खऱ्या मतदान यंत्राचा अभ्यास केला. एप्रिलमध्ये निष्कर्ष जाहीर केले : यंत्र प्रत्यक्ष हातात आलं, तर त्यातले भाग बदलून निकाल फिरवता येतो. हे सगळं कशावर केलं? एका निनावी स्रोताने आणून दिलेल्या यंत्रावर.

पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते यंत्र मुंबईत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ताब्यातलं होतं आणि तिथून ते चोरीला गेलं होतं. २१ ऑगस्ट २०१० ला मुंबई पोलिसांनी हैदराबादेत जाऊन हरी प्रसादांना अटक केली आणि मुंबईला आणलं. यंत्र कोणी दिलं ते सांगा, असा आग्रह होता. त्यांनी नाव सांगितलं नाही. आठवडाभराने जामीन मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने त्यांना पुरस्कार दिला. एका देशात कोठडी, दुसऱ्या देशात सत्कार. काम तेच.

आयोगाचं म्हणणं काय होतं तेही नीट ऐकून घ्या. त्यांचं म्हणणं होतं की यंत्र एकटं नसतं. त्याच्याभोवती सीलं असतात, पहारा असतो, पक्षांचे प्रतिनिधी असतात. प्रयोगशाळेत यंत्र उघडून दाखवणं आणि प्रत्यक्ष निवडणुकीत तसं करणं यात फरक आहे. हा मुद्दा फालतू नाही.

पण शंका घेणं थांबलं नाही आणि त्यातून काहीतरी घडलं. ८ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कागदी पुराव्याची सोय, म्हणजे व्हीव्हीपॅट, ही मुक्त आणि न्याय्य निवडणुकीसाठी अत्यावश्यक आहे. २०१९ च्या लोकसभेला देशभर प्रत्येक यंत्राला तो कागद जोडलेला होता. मत दिल्यावर काचेमागे सात सेकंद दिसणारी ती चिठ्ठी तुम्ही पाहिली असेल. आणि तोल राखायला हेही सांगतो की २६ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने यंत्रांवर विश्वास कायम ठेवला आणि परत मतपत्रिकेकडे जायची मागणी फेटाळली.

मग हरी प्रसाद बरोबर की चूक? त्यांनी निकाल फिरवला नाही, पैसे मागितले नाहीत, लपूनही बसले नाहीत. सापडलेलं दुबळेपण नावानिशी जगासमोर मांडलं. पण यंत्र आलं कुठून, हा प्रश्नही खोटा नाही. सरकारी ताब्यातली वस्तू परवानगीशिवाय बाहेर गेली होती. दुसरीकडे असंही म्हणता येतं की रीतसर दार ठोठावून पाहिलं, ते उघडलं नाही, तर मग अभ्यास करायचा कसा?

माझं मत सांगतो, पटलं नाही तर वाद घाला. कडी सैल आहे हे सांगणारा आणि सैल कडीतून आत जाऊन तिजोरी नेणारा, या दोघांना एकाच कोठडीत टाकणारा समाज स्वतःचंच नुकसान करून घेतो. कारण मग पुढच्या वेळी कडी सैल दिसली तरी कोणी सांगत नाही. चांगला माणूस गप्प बसतो. चोर तर असाही सांगणार नसतोच.

पुणे, ऑगस्ट २०१८ : ९४ कोटी ४२ लाख

आणि कोणी सांगितलं नाही, किंवा सांगूनही कोणी ऐकलं नाही, तर काय होतं? त्याचा आकडा आहे माझ्याकडे.

कॉसमॉस बँक, पुण्याची. १९०६ साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बँकेच्या कार्डांच्या नकला वापरून पैसे निघाले. बारा हजारांवर व्यवहार, सुमारे ७८ कोटी रुपये. भारतातही अडीच कोटी काढले गेले, आणि त्यातले काही आपल्या कोल्हापूरच्या एटीएममधून. सोमवारी, १३ तारखेला, आंतरराष्ट्रीय पैसे पाठवायच्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे झालं कसं? साध्या भाषेत सांगतो. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता, तेव्हा मशीन बँकेच्या एका सर्व्हरला विचारतं, "खात्यात पैसे आहेत का? देऊ का?" चोरांनी मालवेअर वापरून मध्येच एक खोटा सर्व्हर बसवला. मशीनचा प्रश्न बँकेपर्यंत पोचायचाच नाही. मधला तोतया म्हणायचा, "दे." बस. खातेदारांच्या खात्यांना हात लागला नाही, फटका बँकेला बसला, असं बँकेने सांगितलं. पण सहकारी बँक म्हणजे शेवटी कोणाची? सभासदांची.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा धागा उत्तर कोरियाकडे जोडला. ते लांबचे लोक आपल्याला दिसत नाहीत. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ज्यांना शिक्षा सुनावली, ते ११ जण इथलेच. ज्यांनी प्रत्यक्ष एटीएमसमोर उभं राहून नोटा काढल्या, त्या साखळीतले. म्हणजे डोकं परदेशात आणि बेड्या आपल्याकडे. कोणी तुम्हाला म्हणालं, "भाऊ, कार्ड टाक, पैसे काढ, दहा टक्के तुझे" किंवा "तुझं खातं आठ दिवस वापरायला दे", तर हे प्रकरण आठवा. कोर्ट विचारणार नाही की कोड तू लिहिलास का.

पुण्यातच याहून वेगळा आणि मनाला लागणारा प्रकार २०२२ मध्ये पुढे आला. कूटचलनाच्या एका मोठ्या फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पोलिसांनी अटक केली. आरोप असा की जप्त करायचं आभासी चलन त्यांनी स्वतःकडे वळवलं आणि पोलिसांना खोटे स्क्रीनशॉट दिले. आरोप म्हणजे दोष नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो. पण प्रश्न आरोपाइतकाच मोठा आहे. तपास करणाऱ्यांना जे समजत नाही ते फक्त तज्ज्ञाला समजतं. मग त्या तज्ज्ञाला तपासणार कोण?

पाटी नसलेला पेशा

डॉक्टर चुकला तर वैद्यक परिषद त्याची नोंदणी रद्द करू शकते. वकिलाला बार कौन्सिल आहे. सीएला त्यांची संस्था आहे. प्रोग्रॅमरला? काहीच नाही. कोणीही उद्या लॅपटॉप घेऊन म्हणू शकतो, मी सायबर तज्ज्ञ. सनद नाही, त्यामुळे सनद जाण्याची भीतीही नाही.

तरी या पेशातल्या लोकांनी स्वतःसाठी काही नियम लिहिलेत. संगणकतज्ज्ञांची जुनी जागतिक संघटना आहे एसीएम. तिची आचारसंहिता १९७२ ची, नंतर १९९२ मध्ये नव्याने लिहिली आणि २०१८ मध्ये पुन्हा. आपल्याकडे १९६५ पासून कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया आहे, तिचीही सभासदांसाठी संहिता आहे. एसीएमच्या २०१८ च्या संहितेत आजच्या विषयाचा गाभा एका नियमात आलाय. त्याचा आशय असा : दुसऱ्याच्या यंत्रणेत अधिकार असेल तरच जा, किंवा लोकहितासाठी जाणं भागच पडलं तर जा. ते 'भागच पडलं तर' बघा. दार किलकिलं ठेवलंय, पण उंबरठा उंच ठेवलाय. मजा वाटली म्हणून गेलो, जमतं का बघायला गेलो, हे त्यात बसत नाही.

पटवाऱ्याचं दप्तर आणि काउंटरवरचा ओटीपी

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबई-पुण्याचं. शेगावात काय?

शेगावात जुनी गोष्ट आहे, फक्त कपडे नवे. इंग्रजांच्या काळात गावाचा हिशेब ठेवणारा एकच माणूस असायचा. घाटावर कुलकर्णी, आपल्या वऱ्हाडात पटवारी. जमीन कोणाची, सारा किती भरला, सगळं त्याच्या दप्तरात. लिपी बरेचदा मोडी, आणि शेतकऱ्याला अक्षरओळख नाही. तो सांगेल ते खरं, तो अंगठा मागेल तिथे अंगठा. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यातला एक मोठा रोख याच गोष्टीवर आहे : ज्याला वाचता येतं तो, ज्याला येत नाही त्याला कागदावर कसा नागवतो.

आता आपल्या बाजारातल्या कोणत्याही ऑनलाइन सेवा केंद्रात जाऊन बघा. म्हातारबा समोर बसलेत, आधार कार्ड काउंटरवर, फोनही काउंटरवर. "काका, ओटीपी आला का? द्या इकडे फोन." पीक विमा, सातबारा, शिष्यवृत्ती, दाखला, सगळं तो पोरगा भरतो. काकांना स्क्रीन दिसते, पण वाचता येत नाही. मोडीच्या जागी इंग्रजी मेनू आलाय आणि अंगठ्याच्या जागी ओटीपी. अंगठा तर तसाही राहिलाच आहे, बायोमेट्रिकच्या मशीनवर.

बहुतेक केंद्रचालक कष्टाळू आणि सरळ असतात. चाळीस-पन्नास रुपयांत ते जे डोकं लावतात त्याची किंमत मी जाणतो. पण एक रुपयात पीक विमा होता तेव्हा राज्यात बोगस अर्जांचा सुकाळ झाला आणि काही केंद्रांवर कारवाईही झाली. २०२५ मध्ये नागपूर विभागात शिक्षकांच्या बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण गाजलं. आरोप असा की अपात्र लोकांच्या नावाने आयडी तयार करून त्यांचे पगार काढले गेले. तिथेही कोणी सर्व्हर फोडल्याची ती गोष्ट नव्हती. प्रश्न होता तो अधिकृत यंत्रणेतल्या बोगस नोंदींचा. म्हणजे पुणे २००५ पुन्हा एकदा.

आणि शेगावकर म्हणून एक सांगू? चावी हातात असून हात न लावणं म्हणजे काय, हे आपल्याला परदेशी पुस्तकातून शिकायची गरज नाही. संस्थानात गर्दीच्या दिवशी हजारो लोक चपला, सामान, म्हातारी माणसं अनोळखी सेवेकऱ्यांच्या भरवशावर सोडून दर्शनाला जातात. सेवेकरी बिनपगारी असतो, "माऊली" म्हणून हाक मारतो आणि वस्तू जशीच्या तशी परत देतो. तिथे सीसीटीव्हीपेक्षा काहीतरी जास्त काम करत असतं. संगणकाच्या धंद्यात ज्याला प्रोफेशनल कंडक्ट म्हणतात, ते फार वेगळं नाही.

मग कोर्स करू का?

करा. पण पहिल्या दिवसापासून काही गोष्टी पाळा.

सराव करायचा तर स्वतःच्या मशीनवर करा किंवा सरावासाठीच उघडलेल्या लॅबवर. कॉलेजचं वायफाय, मित्राचं इन्स्टा, नगरपालिकेची वेबसाइट, यातलं काहीही सरावाचं मैदान नाही. कंपनीने काम दिलं तर परवानगी लेखी घ्या : कोणती यंत्रणा, किती दिवस, कुठपर्यंत. तोंडी "कर रे, काही होत नाही" म्हणणारा साहेब नंतर ओळख दाखवत नाही.

कुठे चुकून सैल कडी दिसली, तर ती आणखी ढकलून बघू नका. डेटा उतरवू नका, स्टोरी टाकू नका, "एवढे द्या नाहीतर..." अशी भाषा तर मुळीच नको, ती सरळ खंडणी होते. काय दिसलं ते लिहून त्या संस्थेला कळवा. केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून याच कामासाठी आहे, अशा त्रुटी कळवायची रीत तिने घालून दिली आहे. संस्थेला दुरुस्तीला वेळ द्या, मग बोला. अनेक मोठ्या कंपन्या तर यासाठी बक्षीसही देतात, त्याला बग बाउंटी म्हणतात. आधी त्यांचे नियम वाचा. नियमात जेवढं लिहिलंय तेवढीच परवानगी.

आणि सेवा केंद्र चालवत असाल, किंवा घरात आई-बाबांचे फोन तुम्हीच हाताळत असाल, तर एकच सवय लावा. ओटीपी टाकायच्या आधी तो कशासाठी आहे ते मोठ्याने वाचून दाखवा. दहा सेकंद लागतात. काम झाल्यावर लॉगआउट करा आणि डाउनलोड झालेल्या आधारच्या प्रती पुसा. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

ट्रॉम्बेच्या पोरांना दार उघडता आलं म्हणून ती आत गेली. पुण्याच्या कॉल सेंटरवाल्यांना दार उघडूनच दिलं होतं, त्यांनी कपाट फोडलं. हरी प्रसादांनी कडी सैल आहे म्हणून ओरडून सांगितलं आणि आठवडाभर कोठडीत राहिले. कॉसमॉसला कोणी ओरडलं नाही, थेट ९४ कोटी गेले. चारही वेळा कौशल्य कमी नव्हतं. प्रश्न एवढाच होता की दार कोणाचं, आणि ज्याचं आहे त्याला विचारलं का. कोर्समध्ये दार उघडायचं शिकवतील. विचारायचं तुम्हाला स्वतःला शिकावं लागेल.

हरी प्रसादांबद्दल तुमचं मत वेगळं असेल तर नक्की पाठवा. लिहून नको, आवाजात पाठवा, म्हणजे पुढच्या भागात ऐकवता येईल. तोवर अपडेट टाळू नका, पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवू नका, आणि भेटत राहू.

राम राम मंडळी!